हा कायदेशीर सल्ला नव्हे

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात दोन अस्सल वकील आहेत. त्यांना कायद्याचं कोणी काही विचारत नाही. विचारलं तर ते पैसे मागतील, अशी सगळ्यांना धास्ती. शिवाय त्यांचं प्रत्येक उत्तर "ते परिस्थितीवर अवलंबून आहे" असं सुरू होतं, आणि पुढचं ऐकण्यासाठी हातातला बटाटेवडा खाली ठेवायची कोणाची तयारी नसते. त्यामुळे मंडळातल्या यच्चयावत कायदेशीर शंका माझ्याकडे येतात. मी सॉफ्टवेअरवाला. माझी पात्रता एवढीच, की पंचवीसच्या रस्त्यावर एक्केचाळीसनं गाडी हाणल्याबद्दल तिकीट मिळालं, तेव्हा ते मुकाट्यानं न भरता मी म्युनिसिपल कोर्टात गेलो आणि 'प्ली बार्गेन' करून आलो.

आमच्या राज्यात वेगमर्यादेपेक्षा १५ ते २९ मैल जास्त गेलात की लायसनवर ४ पॉइंट चढतात आणि त्यांच्या मागोमाग विम्याचा हप्ता चढतो. म्हणून सरकारी वकील तुम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारतो, की वेगाचा गुन्हा राहू दे, त्याऐवजी 'अनसेफ ड्रायव्हिंग' कबूल करता का? केलंत तर पॉइंट शून्य, पण दंड आणि अधिभार मिळून भुर्दंड भरपूर. पहिल्या दोन वेळा ही सवलत मिळते. जर्सीतल्या देशी लोकांना पसायदान येत नसेल, हे कलम येतं.

सौभाग्यवतींनी मंडळात जाहीर केलं, "ह्यांनी कोर्टात भाव केला."

"कितीनं उतरवला?"

"उतरवला नाही, चढवून आले."

तरीही माझी कीर्ती पसरली. माणूस कोर्टात जाऊन सुखरूप परत येतो, याचंच लोकांना अप्रूप. आता अमेरिकेत परवान्याशिवाय वकिली करणं हा गुन्हा आहे, म्हणून मी प्रत्येक वाक्याच्या आधी "हा कायदेशीर सल्ला नव्हे" असं म्हणायला लागलो. त्याचा परिणाम उलटाच झाला. "बघा, अगदी वकिलासारखं बोलतो," असं म्हणून लोक आणखी जवळ सरकले.

घर घेणारा माणूस सगळ्यात जास्त शंका घेऊन येतो. "एस्क्रो म्हणजे काय रे?" असं एकानं विचारलं. मी म्हटलं, "तुझे पैसे विकणाऱ्याला लगेच न देता तिसऱ्याकडे ठेवायचे. व्यवहार पुरा झाला की तो पुढे देतो."

"आणि तो तिसरा पळून गेला तर?"

"म्हणून तर तो वकील नाहीतर टायटल कंपनी असते."

"म्हणजे पळून जाऊ शकतो."

हा संवाद कोचावर बसलेले अण्णा ऐकत होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. सातारा जिल्ह्यातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयात त्यांची सगळी नोकरी गेली. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं, कुलमुखत्यारपत्रं यांच्या राशीत ते वाढले. मुलगी नागरिक झाली, तिनं ग्रीन कार्डावर आईवडिलांना इकडे आणलं आणि अण्णांचे हात रिकामे झाले. त्या दिवशी त्यांना दुसरा जन्म मिळाला.

एस्क्रोनंतर लीनची पाळी आली. "लीन म्हणजे बोजा," अण्णा म्हणाले. "सातबाऱ्यावर सोसायटीचा असतो तो. ईझमेंट म्हणजे वहिवाट. तुझ्या परसातून वीज कंपनीचा माणूस जाणार आणि तू त्याला बोलायचं नाही. आणि हे क्विटक्लेम डीड म्हणजे आपलं हक्कसोडपत्र. बहिणींकडून घेतात ते."

"कधी घ्यायचं?"

"भाऊबीजेच्या आधी. ओवाळणीत भागतं."

माझ्या अर्ध्या तासाच्या आकृत्यांनी न झालेलं काम अण्णांनी काही वाक्यांत केलं. त्या गृहस्थांना सगळं कळलं. फक्त त्यांची एडिसनमध्ये जन्मलेली मुलगी "बोजा म्हणजे काय?" असं विचारू लागली, तेव्हा त्यांनी तिला समजावलं, "बोजा म्हणजे लीन."

पुढे आमच्याच घराची खरेदी निघाली, तेव्हा अण्णांनी दस्ताचा मसुदा मागून घेतला. अमेरिकन खरेदीखतात जमिनीचं वर्णन पुष्कळदा लोखंडी खुंटीपासून सुरू होतं. तिथून उत्तरेला इतके अंश, मग इतके फूट, असं फिरत फिरत परत त्याच खुंटीशी येतं. अण्णांनी त्या वर्णनाबरहुकूम दिवाणखान्यातल्या दिवाणखान्यात एक प्रदक्षिणा घातली आणि चेहरा पाडून बसले. "चतुःसीमा ठीक आहेत. पण जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप कुठाय? उद्या परसात हंडा सापडला तर कोणाचा?" मी हा प्रश्न आमच्या वकीलबाईंना विचारला. त्यांनी हंडा म्हणजे किती मोठा, ते विचारलं आणि त्या वेळेचे पैसे लावले.

सह्यांच्या दिवशी खरी गंमत. एका कागदावर मला शपथेवर लिहून द्यावं लागलं, की वडिलांचं नाव मधे असलेला मी, वडिलांचं फक्त आद्याक्षर असलेला मी, वडील पार गाळलेला मी आणि क्रेडिट कार्डवाल्यांनी आडनावातला 'एच' खाल्लेला मी, हे सगळे एकच इसम आहेत. लगेच पुढच्या कागदावर आणखी एक शपथ. माझ्या नावाआडनावाच्या कुणाकुणावर राज्यात कोर्टाचे हुकूमनामे निघाले आहेत, कुणी कर्ज बुडवलंय, कुणी बायकोची पोटगी. तर तो मी नव्हेच! अत्र्यांनी १९६२ साली याच नावाचं नाटक रंगभूमीवर आणलं, तेव्हा एका माणसानं अनेक नावं घ्यायची आणि कोर्टात सगळी नाकारायची हा भामटेपणा होता. जर्सीत तो घरखरेदीचा नित्यविधी आहे आणि त्याची नोटरी होते.

कायदा सोपा करून सांगायची हौस मला एकट्यालाच आहे असं समजू नका. आजच्या सिटीबँकेनं १९७५ साली कर्जाची वचनचिठ्ठी साध्या इंग्रजीत लिहून काढली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सरकारी नियम सोपे लिहा असा आदेश काढला. १९८१ मध्ये रेगन आले आणि त्यांनी तो आदेशच रद्द केला. न्यू जर्सीनं १९८० साली ग्राहकांचे करार सोपे, स्पष्ट आणि वाचता येण्याजोगे असलेच पाहिजेत असा कायदा केला. ओबामांनी १३ ऑक्टोबर २०१० रोजी अख्ख्या केंद्र सरकारसाठी सोप्या लेखनाच्या कायद्यावर सही केली. एवढे सगळे मोठमोठे लोक झटले. पण सोपं लिहिलेलं लोकांना हवं आहे का, हे कोणी विचारलं नाही.

आमच्या एका मित्राला करखात्याचं पत्र आलं. तुम्ही आम्हाला इतके डॉलर देणं लागता, अमुक तारखेच्या आत द्या, नाही पटलं तर या नंबरवर फोन करा. तीन वाक्यं. मित्रानं ते मला दाखवलं. मी म्हटलं, "हा कायदेशीर सल्ला नव्हे, पण भरून टाक."

"छे, हे स्कॅम आहे. सगळं कळतंय की!"

त्यानं ते कचऱ्यात टाकलं. काही महिन्यांनी व्याजासह दुसरी नोटीस आली. तिच्यात कलमं होती, पोटकलमं होती, मालमत्तेवर बोजा चढवण्याची धमकी होती. ती त्याला एका ओळीपलीकडे कळली नाही. त्यानं त्याच संध्याकाळी पैसे भरले.

अण्णा तर सोप्या भाषेचे उघड वैरी. कॅलिफोर्नियात पूर्वी न्यायाधीश ज्यूरीला साक्षीदारांविषयी जे सांगत, त्याचा अर्थ साधारण असा व्हायचा, की निष्पाप विस्मरण असामान्य नसते. २००३ च्या सुमाराला तिथल्या लोकांनी हे सगळं नव्यानं लिहिलं. आता सांगतात, की माणसं पुष्कळदा गोष्टी विसरतात किंवा त्यांना त्या चुकीच्या आठवतात. मी हे कौतुकानं अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "घालवली रया." पहिलं वाक्य मात्र त्यांनी वहीत उतरवून घेतलं. आठवड्याभरात सासूबाईंनी दूध आणायला पाठवलं आणि ते खारे दाणे घेऊन परतले, तेव्हा दारातूनच त्यांचा आवाज आला, "निष्पाप विस्मरण असामान्य नसते!" सासूबाईंनी त्यांना पुन्हा दुकानात पिटाळलं. अपिलाची तरतूद नव्हती.

मृत्युपत्रांवर मी मंडळात एक व्याख्यानही दिलं. 'लिव्हिंग विल' म्हणजे आपण शुद्धीवर नसताना कोणते उपचार करायचे आणि कोणते नाहीत याचा लेखी निरोप, हे सांगण्यातच अर्धा वेळ गेला, कारण एका काकूंना ते जिवंतपणीच वाटणी करायचं पत्र वाटलं आणि त्यांची दोन्ही मुलं सावरून बसली. मग मी उत्साहाच्या भरात त्या प्रसिद्ध जुन्या नियमाला हात घातला. मालमत्ता मेलेल्या माणसानं किती पिढ्यांपर्यंत बांधून ठेवायची, याला आळा घालणारा तो नियम इंग्लंडातून इकडे आला. तो लावताना कायदा असं धरून चाले, की ऐंशी वर्षांच्या बाईलाही मूल होऊ शकतं. सभागृहात शांतता पसरली. पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "आणि बाळंतपणाचा खर्च कोण देणार?" हा नियम इतका किचकट, की १९६१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं लुकास विरुद्ध हॅम या खटल्यात सांगून टाकलं: मृत्युपत्र करताना यात चुकलेल्या वकिलाला निष्काळजी म्हणता येणार नाही. न्यू जर्सीनं १९९९ मध्ये तो गुंडाळला. म्हणजे मी जे तासभर समजावून सांगत होतो ते आमच्या राज्यात अस्तित्वातच नव्हतं. पण व्याख्यान सगळ्यांना आवडलं. कळलं नाही म्हणून.

सोपं करून सांगण्याची खरी परीक्षा झाली ती सासूबाईंच्या नागरिकत्वाच्या वेळी. एन-४०० या अर्जावरून मुलाखत होते. तेव्हा इतिहास-राज्यशास्त्राचे १०० प्रश्न पाठ करायचे. त्यांतले जास्तीत जास्त १० विचारणार, ६ बरोबर आले की झालं. ते सासूबाईंनी नवरात्रातल्या आरत्यांच्या चालीवर पाठ केले. धास्ती होती ती अर्जातल्या शब्दांची. कारण अधिकारी मधेच थांबून "याचा अर्थ सांगा" म्हणू शकतो. म्हणून रोज रात्री जेवणानंतर माझी शिकवणी.

"आई, अर्जात आहे ना, 'हॅबिच्युअल ड्रंकर्ड', म्हणजे काय?"

"ह्यांचा धाकटा भाऊ."

वर्तमानपत्रामागून अण्णा म्हणाले, "त्याचं नाव अर्जात कशाला?"

"नाव द्यायचं नाही, अर्थ सांगायचाय. बरं, पुढचा प्रश्न. असा एखादा गुन्हा केला आहे का, ज्याबद्दल तुम्हाला अटक झाली नाही?"

सासूबाई एकदम गप्प झाल्या. पदराशी चाळा करू लागल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, पहिल्यांदा आले तेव्हा... ते रोप."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीलिंबाचं रोप आहे. ते इकडच्याच नर्सरीतून आलं अशी माझी समजूत होती. झाडंरोपं अशी बॅगेतून आणायला अमेरिकेत सक्त मनाई आहे. कढीलिंबाच्या ताज्या पानांनाही. सासूबाईंनी ते ओल्या फडक्यात, फडकं सोवळ्यात आणि सोवळं देवांच्या डब्यात घालून आणलं होतं. बरं, गोष्ट एका रोपावर थांबली नव्हती. त्याचे फुटवे मंडळातल्या घरोघरी गेले होते. त्या दोन वकिलांच्याही. मी ताबडतोब शिकवणी पुढे नेली.

"आता शपथ. यात म्हणायचं, की आजवर मी ज्या कोणा परदेशी राजाची, अधिपतीची किंवा राज्याची प्रजा होते, त्याच्यावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडते. हे नुसतं म्हणायचं असतं हो आई. जुनी भाषा आहे. आता राजे कुठे राहिलेत!"

"असं कसं? मी औंधची."

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. सासूबाईंचा जन्म औंध संस्थानातला. १९४८ साली संस्थान विलीन झालं, तोवर त्या खरोखर पंतप्रतिनिधींच्या प्रजाजन होत्या. त्या शपथेतला राजा बाकी सगळ्यांच्या दृष्टीनं शब्दांची भरताड. सासूबाईंना मात्र त्याचा चेहरा माहीत होता. माहेरच्या ओटीवर त्याची तसबीर होती.

"बाळासाहेब पंत देवमाणूस होता," त्या म्हणाल्या. "१९३९ सालीच त्यांनी राज्य रयतेच्या हाती दिलं. घराघरात सूर्यनमस्कार नेले. त्यांच्यावरची निष्ठा सोडायची म्हणजे सूर्यनमस्कारही सोडायचे का?"

"हा कायदेशीर सल्ला नव्हे," मी म्हणालो, "पण सूर्यनमस्कार चालतील."

"नक्की? तुम्ही त्या इमिग्रेशनवाल्यांना विचारून घ्या."

मुलाखतीला मी दारापर्यंतच जाऊ शकलो. आत काय झालं ते त्यांनीच सांगितलं. अधिकाऱ्यानं शपथ समजते का असं विचारलं. सासूबाईंनी होय म्हटलं आणि आपल्या राजाविषयी त्याला आपल्या इंग्रजीत सगळी माहिती दिली. संस्थान केवढं, देवी कुठली, राजेसाहेब स्वतः चित्रं कशी काढत आणि नमस्कारात श्वास कुठे सोडायचा. त्यानं दारूड्याचं विचारलं नाही, न पकडलेल्या गुन्ह्याचं विचारलं तेव्हा त्या "नो" एवढंच म्हणाल्या, आणि घरी आल्याबरोबर कढीलिंबाला आधी पाणी घातलं.

अण्णा त्याच वर्षी नागरिक झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना ज्यूरीचं बोलावणं आलं. अशा वेळी लोक माझ्याकडे एकाच शंकेसाठी येतात: यातून सुटायचं कसं? आजारपण, प्रवास, लहान मूल, सगळं सुचवून झालं, की ते विचारतात, "मला इंग्रजी येत नाही असं सांगितलं तर?" हे विचारणारा गेली वीस वर्षं अमेरिकन कंपनीत लोकांना इंग्रजीत झापत असतो. अण्णांची तऱ्हा उलटी. पंच्याहत्तरी गाठली की जर्सीत सूट मागता येते. अण्णांना ती गाठायला थोडे महिने बाकी होते, आणि ते महिने उरले याचाच त्यांना आनंद.

त्याला कारण गाजलेला नानावटी खून खटला. १९५९ साली मुंबईत ज्यूरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. पुढे आपल्याकडे ज्यूरी पद्धतच संपली. "त्या नवांत नोंदणी खात्यातला एक माणूस असता, तर ही वेळ आली नसती," असं अण्णांचं पक्कं मत आहे. त्या वेळी ते शाळेत होते, ही बाब ते गौण मानतात.

कोट, टोपी, चष्म्याच्या दोन जोड्या आणि टाचणीची डबी घेऊन अण्णा न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात गेले. ज्यूरर निवडताना जर्सीत न्यायाधीश छापील प्रश्नावली घेऊन एकेकाला विचारतात. बातम्या कुठे वाचता, टीव्हीवर काय बघता, गाडीच्या मागे स्टिकर आहे का, असंही विचारतात. अण्णांनी प्रत्येक उत्तर जबानी दिल्यासारखं दिलं.

"गाडीवर स्टिकर आहे का?"

"सदर वाहन माझ्या मालकीचे नसून जावयाचे आहे आणि त्यावर बँकेचा बोजा आहे."

"टीव्हीवर काय पाहता?"

"कीर्तन. मालिका पत्नीच्या ताब्यात आहेत."

"दोन्ही बाजूंना समान न्याय द्याल ना?"

"मूळ कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. नक्कल चालणार नाही."

बचावाच्या वकिलानं उठून सांगितलं, की या सद्गृहस्थांना आम्ही वगळू इच्छितो. न्यायाधीशांनी आभार मानून अण्णांना मोकळं केलं. दोन्ही बाजूंना काही जणांना असं कारण न देता नाकारता येतं, हे मी घरी आल्यावर त्यांना सांगितलं. अण्णांचा विश्वास बसेना. "कारण न देता? आमच्या ऑफिसात दस्त परत करायचा तर कारणं लेखी द्यावी लागायची. रजिस्टरला नोंद व्हायची!"

त्या रात्री त्यांनी कोर्टाला अर्ज लिहिला. मीच तो इंग्रजीत टाइप केला. 'उपरोल्लिखित', 'वर नमूद केल्याप्रमाणे', 'सबब विनंती की' यांतलं काहीही गाळायची परवानगी नव्हती. अर्ज चार पानी झाला आणि जोडपत्र 'अ' म्हणून सेवानिवृत्तीच्या आदेशाची सत्यप्रत लागली. काही दिवसांनी कोर्टाचं उत्तर आलं. आपल्या सेवेबद्दल धन्यवाद. आपली ज्यूरी सेवा पूर्ण झाली आहे. आपल्याला आणखी काही करण्याची गरज नाही.

अण्णांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"विषय नाही, संदर्भ नाही, जावक क्रमांक नाही. सही आहे ती छापलेली. शिक्का कुठाय?"

"अण्णा, अर्थ तर स्पष्ट आहे ना?"

"अर्थ कोण विचारतंय," अण्णा म्हणाले. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, पत्राच्या डोक्यावर स्वतःच आवक क्रमांक १ टाकला, तारीख घातली, खाली लपेटदार सही ठोकली आणि स्मरणपत्राचा मसुदा करायला घेतला.